रुसैलमधलं पालथं ताट

मस्कतहून आल्यापासून भेटेल तो मला दोनच गोष्टी विचारतो. सोनं आणलंस का, आणि तिकडे उकडतं किती. सोनं आणलं नाही. गेले ते डिसेंबरात, त्यामुळे उकडलंही नाही. संध्याकाळी शाल घ्यावी लागे. तिसरं कुणी काही विचारत नाही, आणि मी सांगायला बसले तर लोकांना कामं आठवतात, म्हणून लिहून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे तीस वर्षं एसटी स्टँडासमोर खानावळ चालवली. त्यामुळे या लिहिण्यात देखावे कमी आणि जेवणाखाण्याचं जास्त येईल. ज्यांना वाळवंट हवं असेल त्यांनी दुसऱ्याचं वाचावं.

विमानाचं काही सांगत नाही. गुडघे दुमडून बसावं लागतं, एवढंच. मस्कतच्या विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने माझी पिशवी उघडली. वरच सुकटीचा डबा होता. त्याने झाकण काढलं आणि माझ्याकडे न बघता परत घट्ट लावलं. खालची आमसुलं, तिरफळं, कुळथाचं पीठ, कशालाच हात लावला नाही. "यल्ला, यल्ला," म्हणाला. म्हणजे चला, निघा.

अल हैल

माझा मुलगा प्रकाश तिकडे एसी बसवणाऱ्या कंपनीत आहे, सून मनीषा इस्पितळात नर्स. दोघं सकाळी जातात ती दिवस मावळताना येतात. घर अल हैलला, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून समुद्र दिसतो, पण तो आपल्यासारखा नव्हे. आपल्याकडे सूर्य पाण्यात बुडतो. तिथे तो पाठीमागे, घरांच्या गच्च्यांआड उतरतो आणि समुद्र नुसता काळा होत जातो. मला ते शेवटपर्यंत उलटंच वाटलं. रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नाही. समोरच्या घरात कोण राहतं हे मनीषाला पाच वर्षांत कळलं नव्हतं. मला चौथ्या दिवशी कळलं, कारण मी दार उघडं टाकून मेथी निवडत बसले आणि समोरची केरळची बाई आपणहून येऊन बसली. संध्याकाळी मनीषा म्हणाली, "आई, इथे दार उघडं ठेवत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून बंद ठेवलं. दुसऱ्याच्या घरात वाद घालायचं आता अंगात राहिलेलं नाही.

मी नातीला बघायला जाते असं सगळ्यांना सांगितलं होतं. ते अर्धं खरं. निघायच्या आदल्या दिवशी माझी धाकटी बहीण कुसुम येऊन बसली. तिचा मुलगा वसंत रुसैलच्या एका कारखान्यात फिटर आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या सांगण्यावरून प्रकाशने तिथे त्याच्यासाठी शब्द टाकला होता. आता तो फोनवर तुटक बोलतो, सगळं सोडून येतो म्हणतो, कारण सांगत नाही. त्याला बाप नाही, गावात काम नाही, आणि एकदा सोडलेली ती नोकरी परत मिळायची नाही. कुसुम म्हणाली, "ताई, तू त्याला बघून ये आणि तिथेच थांबव." बघून येणं माझ्या हातात होतं. थांबवणं कुणाच्या हातात असतं? तरी बरं म्हटलं.

शुक्रवार यायला पाच दिवस होते. ते नातीबरोबर गेले. ऋचा तेरा वर्षांची. मैत्रिणींशी इंग्रजी बोलते, माझ्याशी मराठी. तेही ओढ्यातल्या दगडांवर पाय टाकत जावं तसं, पुढचा शब्द चाचपून. तिच्या शाळेत प्रदर्शन होतं. एकेका वर्गाला एकेक देश दिलेला. हिच्या वाट्याला अमेरिका, आणि त्यातही तिथली राज्यघटना कशी तयार झाली ते. बाईंनी बजावलं होतं की घरी कुणाला तरी समजावून सांगा. त्यांना कळलं तर तुम्हाला कळलं असं समजा. घरी मीच होते.

त्या हिवाळ्यात टीव्हीवर रोज अमेरिका इराकवर चालून जाणार की नाही हेच चाललेलं. मी म्हटलं, नवी अमेरिका दिसतेच आहे, तू जुनी सांग.

तिने सांगितलं. लांबच्या राजाने त्यांना न विचारता कायदे लावले, कर लावले, म्हणून त्यांनी लढून राजाला घालवलं. राज्य करायचं तर ज्यांच्यावर करायचं त्यांनी हो म्हटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग राजा गेला आणि तेरा राज्यं एकमेकांचं ऐकेनात. तेव्हा राज्याराज्यांतून माणसं आली आणि एका खोलीत बसली. भर उन्हाळा, तरी आतलं बोलणं बाहेर फुटू नये म्हणून खिडक्या बंद. असे चार महिने.

मी विचारलं, "बायका होत्या त्या खोलीत?"

"नाही, आजी."

"मग चार महिने त्यांना रांधून कोण घालत होतं?"

तिने पुस्तकाची पानं मागेपुढे केली. "ते नाही दिलंय."

ते देत नाहीतच.

दुसऱ्या दिवशी तिने पुठ्ठ्यावर तीन मोठे चौकोन काढले. म्हणाली, "आजी, त्यांना भीती होती की राजा गेला तरी आपल्यातला कोणीतरी राजा होणार. म्हणून त्यांनी पॉवर तीन जागी ठेवली. एक जण कायदा बनवतो. दुसरा कायदा चालवतो. भांडण झालं तर कोण बरोबर ते तिसरा सांगतो. आणि तिघं एकमेकांना अडवू शकतात."

मी म्हटलं, माणूस चांगला निवडला की झालं. एवढा खटाटोप कशाला?

"चांगला पण बिघडतो ना. ज्याने पेपर लिहिला तोच पेपर चेक करतो, असं चालेल?"

मला ते फारसं पटलं नाही. खानावळीत बाजार मी केला, चूल मी सांभाळली, कुणाला बसवायचं आणि कुणाला उठवायचं हे मीच ठरवलं. तीस वर्षांत कुणाचं काही अडलं नाही. असं मला तेव्हा वाटत होतं.

रुसैल, पहिला शुक्रवार

तिकडे सुट्टी शुक्रवारची. प्रकाशने मला आणि ऋचाला गाडीतून रुसैलला नेलं. रस्ता पाटासारखा सपाट, लांबवर तपकिरी डोंगर, त्यांच्यावर गवताची काडी नाही. मग कारखाने, गोदामं, आणि त्यांच्या मागे कामगारांसाठी बांधलेल्या बैठ्या खोल्यांच्या रांगा. त्याला कॅम्प म्हणतात. बायकांना आत सहसा सोडत नाहीत. प्रकाशने रखवालदाराला सांगितलं, आई आहे, म्हातारी आहे. त्याने माझे सुजलेले पाय बघितले आणि सोडलं.

वसंत बाहेर आला तेव्हा मला आधी त्याचा शर्ट दिसला, मग तो. गळ्याची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं.

"मावशे, तू कित्याक इलंस ह्या उनात?"

ऊन नव्हतंच. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

जेवणाच्या वेळेला आम्ही मेसमध्ये गेलो. कॅम्पातल्या आपल्या पंचवीस माणसांनी मिळून चालवलेली मेस. पत्र्याची लांब खोली. मोठ्या हॉलमध्ये राहणारे चौदा जण आपल्या सिंधुदुर्गातले. तीन लहान खोल्यांत सातारा, सांगली आणि रत्नागिरीकडचे मिळून अकरा. रांधायला चितगावचा सलीम, पगारी. भिंतीला तीन फळ्या आणि त्यांवर ओळीने मांडलेली स्टीलची ताटं. आपण भांड्यावर नाव घालतो तसं प्रत्येक ताटावर नाव कोरलेलं. सगळी सरळ, खालच्या फळीच्या टोकाला एक तेवढं पालथं. कुणाचं ते विचारावं लागलं नाही. वसंत त्या बाजूला बघत नव्हता.

हकीकत मला साताऱ्याच्या तानाजीने सांगितली. मेसचा कारभार गावडे नावाच्या माणसाकडे होता. पन्नाशीचा, मूळ कुडाळकडचा. अकरा वर्षांपूर्वी मेस त्यानेच सुरू केलेली. तिकडे मालकाला अर्बाब म्हणतात. पोरं आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही गावडेला अर्बाब म्हणू लागली, आणि त्यालाही ते आवडू लागलं. बाजार तोच करी. वहीत नियम तोच लिही, मोडणाऱ्याला तोच पकडी आणि शिक्षाही तोच देई. शिक्षा एकच, ताट पालथं. गावडे स्वतः सरळ करीपर्यंत त्या माणसाला मेसमध्ये घास नाही.

एक नियम होता की जेवण मेसबाहेर न्यायचं नाही. खोल्यांत झुरळं होतात आणि कंपनी ओरडते. नियम वाईट नव्हता. पण तानाजी काविळीने पडला, त्याला उठून मेसपर्यंत येता येईना. वसंत हॉलमधला, तरी चार दिवस डब्यातून त्याला मऊ भात नेऊन देत होता. पाचव्या दिवशी गावडेने डबा धरला. त्या गोष्टीला दीड महिना झाला होता. दीड महिना वसंत बारा तासांचं काम करून खुबूस खात होता. खुबूस म्हणजे तिकडची पाकिटातली रोटी. ती ताकात बुडवायची आणि गिळायची. पित्ताचं पोट त्याचं. माफी मागितली असती तर ताट सरळ झालं असतं. तो मागत नव्हता. महिनाअखेरीला सगळं खलास करून गावी येणार होता.

"मावशी, माझ्यापायी झालं बगा हे," तानाजी म्हणाला. "मी गावडेदादांच्या पाया पडलो. तर म्हणत्यात, तुला कुणी इचारलंय?"

मी गावडेकडे गेले. तो उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली, प्रवास कसा झाला विचारलं. माणूस उर्मट नव्हता. मी विचारलं, हा नियम केला कोणी?

"मीच, काकी."

"वसंताने मोडला हे ठरवलं कोणी?"

"मीच धरलंय तेका."

"आणि तुझं चुकलं असं त्याला वाटलं, तर त्याने कुणाकडे जायचं?"

"माझ्याकडेच. दुसरो कोण आसा?"

त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. ऋचाने माझा पदर ओढला. "आजी, तिन्ही चौकोनांत हेच अंकल."

मी थकले होते, आणि बहिणीच्या पोराची हाडं डोळ्यांपुढून जात नव्हती. निघताना जेवणाऱ्यांकडे बघून म्हटलं, "अकरा वर्षं एकाच्याच हातात कशाला ठेवलंत? बदला की त्याला." एवढं बोलून गाडीत बसले. ही माझी चूक. ऋचाने मला पुरतं सांगितलं होतं, मी अर्धंच उचललं.

बरका

बुधवारी वसंतचा फोन आला. आवाजात जीव होता. सगळ्यांनी बसून गावडेला काढला आणि कारभारावर वसंतला बसवला. "मावशे, माजां ताट सरळ झालां. आता गावाक जाणा खलास. शुक्रवारी तू रांधूक ये." मला आनंद झाला. कुसुमला लगेच कळवायला सांगितलं. काम इतक्या सहज झालं म्हणून स्वतःवर थोडी खूशही होते.

शुक्रवारी सकाळी मासे घ्यायला आधी बरक्याला गेलो. समुद्राकाठचा बाजार. आपल्याकडे कोळणीशी दोन शब्द झाल्याशिवाय मासा घरी येत नाही. तिथे विकणारे सगळे पुरुष, डोक्यावर नक्षीदार टोप्या, आणि बाजार असून गलका नाही. मी एका म्हाताऱ्यापुढच्या सुरमईचे कल्ले उघडून बघितले आणि मान हलवली. त्याने एक क्षण माझ्याकडे बघितलं, ती सुरमई बाजूला सारली आणि खालून दुसरी काढली. ती ताजी होती. आम्हाला एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण एवढं बोलणं पुरलं. मासा कापून द्यायला वेगळा माणूस असतो. त्याने माझ्या डोळ्यांदेखत डोकं फेकायच्या टोपलीत टाकलं. मी ते परत काढून घेतलं. ऋचा गाडीत जाऊन बसली.

तिथल्या ओल्या फरशीवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. प्रकाशच्या गाडीत सँडल होते ते घातले. त्या दिवशी पुढचं सगळं मी मुलाच्या सँडलात फरफटत केलं.

गाडीत ऋचाचं चालूच होतं, उद्याच प्रदर्शन होतं. मोठी राज्यं म्हणत होती, आमची माणसं जास्त, आमची मतं जास्त. लहान राज्यं म्हणत होती, मग आम्हाला विचारणार कोण? म्हणून त्यांनी दोन सभा केल्या. एकीत माणसांवरून मोजायचं, दुसरीत प्रत्येक राज्याला सारखं, आणि दोघींनी हो म्हटल्याशिवाय कायदा नाही. हे मला आवडलं. मग ती म्हणाली की गुलाम होते, त्यांचं काय करायचं यावरही भांडण झालं, आणि पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असं मोजायचं ठरलं.

"मग त्यांना तेवढी मतं मिळाली?"

"नाही. त्यांना एकपण नाही. त्यांच्या मालकांच्या राज्याला जास्त सीट मिळाल्या."

"आणि वर काय लिहिलंय म्हणालीस?"

"आम्ही लोक."

"सगळे लोक नव्हेत, बाय."

तिने थोडा विचार केला आणि पुठ्ठ्यावर कोपऱ्यात काहीतरी बारीक लिहिलं.

रुसैल, दुसरा शुक्रवार

सलीमने नारळ खवून ठेवले होते. हात चपळ, बोलणं कमी. मी तिरफळं टाकली तेव्हा त्याने एक उचलून चावलं, जीभ बधिर झाली तशी हसला. आम्ही दोघांनी मिळून पंचवीस जणांचं कालवण, तळलेल्या तुकड्या आणि सोलकढी केली. वसंत आतबाहेर करत होता, मीठ बघ, भात बघ, हे इथे ठेव. गावडेची खुर्ची आता तो वापरत होता आणि वही त्याच्या काखेत होती.

वाढायला ताटं काढली तेव्हा खालच्या फळीच्या टोकाला एक ताट उरलं. पालथं. मी उचललं. गावडेचं होतं.

गावडे बाहेर पायरीवर बसला होता. मांडीवर खुबूसचं पाकीट.

मी वसंतला विचारलं, हे काय? म्हणाला, गावडे नव्या कारभाराविषयी दोघातिघांशी वाकडं बोलला, मेसमध्ये फूट पाडतो. मी विचारलं, वाकडं बोलायचं नाही हा नियम केला कोणी?

"मीच."

पुढचे दोन प्रश्न विचारायची गरज नव्हती, तरी विचारले. उत्तरं तीच आली, आणि गेल्या शुक्रवारी त्याच जागी तीच उत्तरं ऐकून या पोराने मान खाली घातली होती. नुसता माणूस बदलला होता. तो मीच बदलायला लावला होता.

मी पळी हातात धरून उभी राहिले. म्हटलं, गावडेचं ताट सरळ होईपर्यंत इथे कुणालाच वाढणार नाही.

भाताची वाफ वर चाललेली. काही जण सकाळच्या चहावर होते, ते पातेल्याकडे बघत होते. दोघंतिघं वसंतला म्हणू लागले, कर रे सरळ, काय जातं तुझं. वसंतचं तोंड आवळलेलं. मला वाटलं, आता वाकेल.

ऋचा माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "आजी, तू पण तेच करतेस."

"काय करते?"

"पळी तुझ्याकडे आहे म्हणून रूल पण तुझा आणि पनिशमेंट पण तुझी. भूक लागलीय म्हणून ते हो म्हणणार. ते खरं हो नाही ना."

खानावळीत मी तीन माणसांना भरल्या पानावरून उठवलं होतं. त्यातल्या एकाची चूक नव्हती, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तो परत आला नाही. त्याने जायचं कुणाकडे होतं? कुणाचं काही अडलं नाही असं मी म्हणत होते ते त्यामुळेच, की अडलेल्या माणसाला सांगायला यायची सोयच नव्हती.

मी वाढायला सुरुवात केली. मला पाहुणी म्हणून नाव नसलेलं एक ताट काढून ठेवलं होतं. त्यात भात, कालवण आणि सुरमईची मधली तुकडी घालून बाहेर पायरीवर नेऊन दिलं. गावडेने ते घेतलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

वसंत दारात उभा होता. "मावशे, तू माज्यासाठी इलंस काय तेच्यासाठी?"

"मी वाढूक इलंय. तू जेव आधी."

तो जेवला. दोनदा भात घेतला. रागात होता, पण जेवला.

पोटं भरल्यावर बोलणं सुरू झालं. ऋचाचा पुठ्ठा गाडीत होताच. तिने तो तांदळाच्या पिंपाला टेकवला आणि चाचपडत मराठीत सांगायला लागली. अडली की हिंदीत, तिथेही अडली की इंग्रजीत. पंचवीस बाप्ये आणि ती एवढीशी पोर. एक-दोघं हसले. तीन चौकोन बघितल्यावर हसणं थांबलं. हॉलमधला एक जण म्हणाला, आमचे चौदा आहेत, मतं मोजा आणि संपवा. तानाजी म्हणाला, "मग आमी अकरा जणांनी काय नुसतं माना डोलवायच्या व्हय? म्हंजे रोज मासं आन आमटीला सुट्टी." तेव्हा ऋचाने मोठ्या आणि लहान राज्यांचं सांगितलं. यावर मात्र जोरात वाद झाला. मी भिंतीला पाठ लावून बसले होते, माझा डोळा लागत होता. मधेच कुणी ओरडलं की उघडे.

ठरलं ते असं. नवा नियम वहीत जायचा तर माणसांचं मत एकदा मोजायचं आणि खोल्यांचं एकदा, हॉलही एकच खोली धरून. दोन्हीकडून हो आलं तरच जाईल. बाजार आणि चूल गावडे बघेल, कारण ते त्याच्याइतकं कुणाला येत नाही, हे वसंतनेही मान्य केलं. तक्रार तीन जण ऐकतील, जे बाजार करत नाहीत आणि नियम लिहीत नाहीत. ताट पालथं करायचं तर आधी त्या माणसाचं ऐकायचं. आणि कुणीही आजारी पडला तर जेवण त्याच्या खोलीत जाईल. हे कुणालाही, कितीही मतांनी काढता येणार नाही. हे शेवटचं तानाजीने मागितलं, आणि ते लिहिल्याशिवाय सही करणार नाही म्हणाला. ऋचा म्हणाली, तिकडेही काही जण असेच अडून बसले होते, आमचे हक्क आधी लिहा म्हणून.

गावडे तोवर आत येऊन उभा राहिला होता. त्याने ऋचाला विचारलं, "आणि बाय, उद्या ह्यातला कायतरी चुकीचा निघाला तर?"

"तर बदलायचं. पण एकट्याने नाही. अमेंडमेंट म्हणतात."

"मगे वहीची मागली पानां कोरी ठेवा," तो म्हणाला.

वही वसंतच्या मांडीवर होती. त्याने ती बराच वेळ सोडली नाही. शेवटी टेबलावर ठेवली, ठेवली म्हणजे टाकली. गावडेचं ताट तानाजीने उठून सरळ केलं. वसंत त्या बाजूला बघत नव्हता.

परत येताना गाडीत माझ्या लक्षात आलं. एवढा वेळ सगळे पंचवीस पंचवीस करत होते. मोजायला बसलं तर त्या मेसमध्ये रोज जेवणारी माणसं सव्वीस. हे सगळं ठरत असताना सलीम मागच्या नळावर पातेली घासत होता. आम्ही त्याला कुठल्याच खोलीत धरलं नव्हतं. फळीवर त्याच्या नावाचं ताटही नव्हतं. आणि अमेरिकेच्या लोकांना रांधून कोण घालत होतं, हे विचारणारी मीच.

परतीचं

ऋचाला बक्षीस मिळालं नाही. ते जपानवाल्या वर्गाला गेलं, त्यांनी पूल केला होता. हिने बोलताना मेसचं उदाहरण दिलं तर बाई म्हणाल्या, विषयाला सोडून आहे. ती दोन दिवस खट्टू होती. मी समजूत घातली नाही. मला येत नाही ते.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी वसंत अल हैलला आला. आईसाठी खजूर आणि दुधाची पावडर आणली होती. गालांवर थोडं मांस आलं होतं. माझ्याशी मोजकं बोलला. त्याच्या मनात होतं की मावशीने दिलेलं मावशीनेच काढून घेतलं, आणि ते खोटं नव्हतं. नोकरी सोडणार का, हे मी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की सलीम कशात जेवतो?

"पातेल्यातच खाता तो, मावशे. सगळ्यांचा झाल्यावर."

"त्याचं ताट का नाही?"

"तो मेंबर नाय. पगारी माणूस."

"कोरी पानं आहेत ना मागे?"

त्याने चहा संपवला, पाया पडला आणि गेला.

घरी आले तर कुसुम ओटीवर बसलेलीच होती. वसंत कसा आहे विचारलं. मी म्हटलं, जेवतो. तिला आणखी ऐकायचं होतं, पण माझे पाय फार दुखत होते.

महिनाभराने ती सांगत आली की वसंताचा फोन आला होता, तो येत नाही, आणखी दोन वर्षं तिथेच राहतो. ती रडली आणि मग हसली. त्याचा फोन आला की सलीमच्या ताटाचं विचार, असं मी तिला दोनदा बजावून ठेवलं होतं.

ती विचारायला विसरली.